एकदाच चालायचा कोड लिहायचा कुठं? ‘अडव भावा’ गेमचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत आमचा शनिवार-रविवारचा छोटा कोडिंगचा क्लास आहे, दहा-बारा पोरं, सहा लॅपटॉप, त्यातले दोन तर चार्जर लावल्याशिवाय उठतच नाहीत. तिथल्या तीन पोरांनी मिळून शाळेच्या प्रदर्शनासाठी एक गेम केला आणि त्यात जे झालं ते सगळं इथं लिहून काढतोय, कारण ही चूक मी स्वतःही केलीय आणि दर बॅचमध्ये कोणीतरी करतंच. पोरं खरी आहेत, पण नावं देत नाही आणि शाळेचंही नाव देत नाही. नववीतल्या मुलीला ताई म्हणतो कारण बाकीचे दोघं तिला तसंच म्हणायचे, आठवीतला चित्रं काढायचा म्हणून चित्रकार, आणि तिसरा आवाज गोळा करायचा म्हणून ढोलवाला.

गेम फुटबॉलचाच असणार होता. कोल्हापुरात सीझन सुरू झाला, शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीम भिडायला लागल्या की पोरांच्या डोक्यात दुसरं काही राहतच नाही. गेम साधा. खाली गोलकीपर, डावी-उजवी बटणं दाबून हलवायचा, वरून दर सेकंदाला एक चेंडू येतो, अडवला की एक पॉइंट, तीन गोल खाल्ले की डाव संपला, स्पेस दाबली की नवा डाव. मागं प्रेक्षकांचा दंगा आणि ढोल. नाव ठेवलं ‘अडव भावा’.

गेम पायथनमध्ये लिहिला, लायब्ररी होती पायगेम झीरो. डॅनियल पोप यांनी २०१५ मध्ये खास शिकवण्यासाठी म्हणून आणलेली, खाली पायगेम ही पायथनची गेम लायब्ररी आणि त्याच्याही खाली चित्र, आवाज, बटणं सांभाळणारी एसडीएल. तिची गंमत अशी की खिडकी उघडणं, लूप फिरवणं (म्हणजे गेम चालू असेपर्यंत तीच कामं परत परत करणं), चित्रं फोल्डरमधून उचलणं हे सगळं ती स्वतः करते, आपण फक्त अपडेट आणि ड्रॉ नावाची दोन फंक्शनं लिहायची. अपडेट सेकंदाला ६० वेळा चालतं, त्यात हालचाल. ड्रॉमध्ये चित्र काढायचं. बस्स, पहिल्या तासात पोराला स्क्रीनवर काहीतरी हलताना दिसतं आणि म्हणून मला ही लायब्ररी मनापासून आवडते.

पण तिच्यात सेटअप नावाचं फंक्शन नाही. कोडिंगच्या दुसऱ्या साधनांत, म्हणजे आर्डुइनोत सेटअप आणि लूप असतं, प्रोसेसिंगमध्ये सेटअप आणि ड्रॉ असतं, लव्ह टूडीत लोड असतं, तिथं नावच सांगतं की बाबा हे एकदा चालणार. पायगेम झीरोमध्ये फाइल वरपासून खालपर्यंत एकदा वाचली जाते, मग लूप सुरू होतो, म्हणजे कुठल्याही फंक्शनच्या बाहेर, अगदी डाव्या कडेला चिकटून जे लिहिलंय तोच सेटअप. हे मला माहीत होतं. पोरांना मी ते नीट सांगितलं नव्हतं, आणि पुढचं बरंचसं त्यातूनच झालं.

अजून एक गोष्ट, पोरं स्क्रॅचवरून आलेली होती, म्हणजे ठोकळे जोडून कोड करायच्या साधनावरून. स्क्रॅचमध्ये सुरू करायला हिरवा झेंडा असतो, त्याच्याखाली सगळं सुरुवातीचं लावायचं. पुन्हा झेंडा दाबला की आधी चालू असलेलं सगळं थांबतं आणि मग नव्याने सुरू होतं. ही सवय हाडात मुरलेली असते, पोरांना वाटतं ‘परत सुरू’ म्हटलं की मागचं आपोआप बंदच होणार. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिली अडचण : स्क्रीनभर चेंडू

पायथन ३ मध्ये फंक्शनची नावं देवनागरीत देता येतात, तर ताईने हौसेने नावं मराठीतच ठेवली होती, चेंडू_सोड वगैरे. (अपडेट आणि ड्रॉ ही नावं मात्र लायब्ररीला हवी तशी इंग्रजीतच लागतात, आणि चित्रांच्या फायलींची नावं छोट्या अक्षरांतली.) तिने चेंडू_सोड लिहिलं, ते एकदा बोलावलं की वरून एक चेंडू सुटतो. मग लायब्ररीच्या क्लॉकला सांगायचं होतं की हे दर सेकंदाला बोलाव, त्यासाठी शेड्यूल इंटरव्हल नावाची सोय आहे. ती ओळ तिने लिहिली अपडेटच्या आत. का, तर तिच्या मते गेम ‘तिथं चालतो’. ढोलवाल्यानेही म्युझिक सुरू करायची ओळ तिथंच टाकली.

रन केल्यावर पहिला एक सेकंद काहीच नाही, मग चेंडूंचा पाऊस, मग लॅपटॉपचा पंखा बोंबलायला लागला आणि खिडकी गोठली. आणि ढोलाचा नुसता फुर्रर्र असा आवाज, कारण गाणं सेकंदाला ६० वेळा पहिल्यापासून सुरू होत होतं, पहिल्या ठोक्याच्या पुढं त्याला जाऊच देत नव्हतं कोणी.

मी तिथल्या तिथं ओळ हलवून देऊ शकलो असतो. पण म्हटलं आधी हिशोब करूया, आणि फळ्यावर केला. अपडेट सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर सेकंदाला ६० नवे टायमर लागतात, आणि जुने जात नाहीत. दहा सेकंद झाले की ६०० टायमर, म्हणजे त्या क्षणी सेकंदाला ६०० चेंडू. तोवर सुटलेले एकूण चेंडू मोजले तर पहिल्या सेकंदातल्या ६० टायमरनी प्रत्येकी ९ वेळा सोडले, दुसऱ्यातल्यांनी ८ वेळा, असं करत करत ६० गुणिले ४५, २७०० चेंडू. चित्रकार म्हणाला, ‘सर, आख्ख्या शाहू स्टेडियमवर मावायचे नाहीत.’ अर्थात लॅपटॉप तोवर दम तोडतो म्हणून २७०० होत नाहीत, पण कारण पोरांना कळलं. टायमर लावणं वेगळं आणि टायमर वाजणं वेगळं. लावायचा एकदा, वाजतो तो परत परत.

इथं पहिला निर्णय झाला. मी विचारलं, मग ही ओळ एकदाच चालावी म्हणून काय करशील? ताईने स्वतः शोधलं: एक झेंडा ठेवायचा (म्हणजे खरं की खोटं एवढंच लक्षात ठेवणारं व्हेरिएबल), सुरू_झालं असा, सुरुवातीला खोटा, अपडेटमध्ये खोटा दिसला तर टायमर लाव, ढोल लाव आणि झेंडा खरा कर. लिहिलं, तर लगेच एरर आली, की लोकल व्हेरिएबल किंमत द्यायच्या आधीच वापरलंय. फंक्शनच्या आत एखाद्या नावाला कुठंही किंमत दिली की पायथन ते नाव त्या फंक्शनचं घरचं धरतो, बाहेरचं पाहिजे असेल तर ग्लोबल असं लिहून सांगावं लागतं. ती ओळ टाकली. गेम चालला. सेकंदाला एक चेंडू, ढोल व्यवस्थित, पोरं खूश.

आणि मीही गप्प बसलो. माझ्या मते चुकलं ते इथंच. झेंड्याची युक्ती चुकीची नाही, बऱ्याच जागी लागते, पण जी ओळ फाइलच्या वरच्या पातळीवर, म्हणजे फंक्शनच्या बाहेर, टाकली की आपोआप एकदाच चालली असती तिच्यासाठी सेकंदाला ६० वेळा ‘झालं का, झालं का’ विचारायचं कशाला? पोरीने स्वतः काढलेलं उत्तर मोडायला नको म्हणून बोललो नाही. त्यामागची भावना चांगली होती, पण त्यापायी पुढं प्रदर्शनात पोरांची पंचाईत झाली.

मधली दोन छोटी प्रकरणं

चित्रकाराने मैदानावर गवताचे ठिपके काढले होते, ड्रॉच्या आत, रँडम जागी. दर फ्रेमला, म्हणजे चित्र नव्याने काढलं की दर वेळी, नव्या जागा, त्यामुळे गवत मुंग्या आल्यासारखं वळवळायचं. त्याने ते उचलून फाइलच्या वरच्या भागात नेलं तर एरर आली, स्क्रीन नावाचं काही नाहीच म्हणे. बरोबर होतं ते, कारण फाइल वाचली जात असताना लायब्ररीने स्क्रीन हे नाव अजून हातात दिलेलंच नसतं, ते लूप सुरू होताना मिळतं. उपाय असा की वरच्या भागात पायगेमचा एक कोरा सरफेस (चित्र काढायचा कागदच समजा) घ्यायचा, ठिपके त्याच्यावर एकदाच काढून ठेवायचे, आणि ड्रॉमध्ये तो तयार कागद फक्त चिकटवायचा. पंधरा मिनिटांचं काम. गवत शांत.

दुसरं म्हणजे बेस्ट स्कोअर. तो एका टेक्स्ट फाइलमधून वाचायचा होता. ताईने वाचायची ओळ नवा_डाव या फंक्शनमध्ये टाकली, कारण पॉइंट शून्य करणं, गोल शून्य करणं हे सगळं तिथंच होतं आणि स्कोअर म्हणजे स्कोअर. हे त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

खरी अडचण : प्रदर्शनाचा दिवस

नवा डाव सुरू करताना ताई काय करायची, तर पॉइंट शून्य, गोल शून्य, मैदानावरचे चेंडू साफ, आणि सुरू_झालं हा झेंडा परत खोटा. म्हणजे स्क्रॅचचा हिरवा झेंडाच. तिच्या डोक्यात सरळ होतं की आता अपडेट परत सगळं लावेल. लावायचंही. फक्त जुना टायमर कोणी काढत नव्हतं.

क्लासमध्ये हे कधीच दिसलं नाही, कारण आम्ही दर वेळी एक डाव खेळायचो, खिडकी बंद करायचो, कोडमध्ये काहीतरी बदलायचो आणि परत रन करायचो. प्रदर्शनात गेम सकाळी चालू केला आणि मग स्पेस, स्पेस, स्पेस. पहिला पोरगा आरामात वीसेक चेंडू अडवून गेला. दुसऱ्याला सेकंदाला दोन आले. तिसऱ्याला तीन. लाइनीतली पोरं म्हणायला लागली, ‘लेव्हल वाढायलीय, नाद खुळा!’ आणि आमचे तिघंही ते ऐकून फुगले, कारण लेव्हलचा कोड त्यांनी लिहिलाच नव्हता तरी लोकांना लेव्हल दिसत होती. सातव्या-आठव्या पोराचा डाव मात्र दोन सेकंदांत संपला. त्याच्यामागची एक छोटी मुलगी, पाचवीतली असेल, तिने बटणाला हात लावायच्या आत तीन गोल. ती रडवेली झाली आणि ताईचा चेहरा पडला, तो मला अजून आठवतो.

ढोलवाल्याने लॅपटॉपवरचा गेम बंद करून परत चालू केला. झालं, सेकंदाला एक चेंडू. मग दिवसभर तेच, तीन-चार डाव झाले की बंद, चालू. पण त्यात दुसरी कटकट निघाली. सातवीतल्या एका पोराने ३१ चेंडू अडवले होते, बेस्ट म्हणून मोठ्या अक्षरात ३१ आलं, त्याने मित्रांना बोलावून आणलं, तेवढ्यात दुसऱ्या कोणी स्पेस दाबली आणि बेस्ट परत १०. कारण नवा_डाव दर वेळी फाइल वाचत होतं, फाइलमध्ये ताईने हाताने लिहून ठेवलेला १० हा आकडा होता, आणि नवा बेस्ट फाइलमध्ये लिहायचं राहूनच गेलं होतं. ‘माझे ३१ कुठं गेले?’ म्हणून तो पोरगा टेबलाजवळून हलेना. त्याचं बरोबरच होतं.

संध्याकाळी फोन आला, ‘सर, गेम आपोआप अवघड व्हायलाय आणि कशानं ते कळंना. उद्या परत प्रदर्शन हाय.’

कारण कसं सापडलं

क्लासवर आले तिघं, सोबत चित्रकाराची आई, तिने भडंगाची पिशवी आणलेली. मी कोड उघडू दिला नाही. आधी विचारलं, काय केलं की बरं होतं? बंद करून चालू केलं की. आणि काय केलं की बिघडतं? स्पेस दाबली की. मग स्पेस दाबल्यावर काहीतरी असं उरतंय जे खिडकी बंद केल्यावर जातं. चेंडूंची यादी उरत असेल? नाही, ती साफ होते, तपासलं. पॉइंट? ते शून्य होतात. ताईने चेंडू_सोडच्या पहिल्या ओळीत फक्त वेळ छापायला लावली आणि सावकाश तीन डाव खेळली. पहिल्या डावात सेकंदाला एक ओळ, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. ती दोन मिनिटं गप्प बघत बसली आणि म्हणाली, ‘टायमर मरतच नाही.’

दुप्पट होत नव्हते हे इथं महत्त्वाचं आहे. दर डावाला एकच टायमर वाढत होता, त्यामुळे वाढ सावकाश आणि म्हणूनच ती ‘लेव्हल’ वाटली. अपडेटमधली चूक लगेच गळा धरते, तीस सेकंदांत लॅपटॉप बसतो. डावागणिक होणारी चूक हळूहळू चढते आणि बघणाऱ्याला ती हेतूने केल्यासारखी वाटते, लोक कौतुकही करतात. अशी चूक शोधायला जास्त वेळ लागतो.

कोणकोणते पर्याय होते

पहिला म्हणजे उद्याही बंद-चालू करत राहायचं. ढोलवाला तयार होता, पण ताई नाही म्हणाली, आणि मला तिचं पटलं.

दुसरा, टायमर फाइलच्या वरच्या पातळीवर एकदाच लावायचा आणि कायम चालू ठेवायचा, चेंडू_सोडच्या सुरुवातीला बघायचं की डाव चालू आहे का, नसेल तर काही न करता परत फिरायचं. सगळ्यात कमी बदल, टायमर कधीच वाढणार नाही. मला हाच आवडला होता. पण चित्रकाराने एक गोष्ट पकडली. घड्याळ मागं चालूच आहे, त्यामुळे एखाद्याने स्पेस दाबली आणि लगेच चेंडू आला, दुसऱ्याने दाबली आणि जवळजवळ सेकंदभर आलाच नाही. पहिल्या चेंडूला प्रत्येकाला वेगळा वेळ. आठवीतल्या पोराने हे बघितलं, मी नाही.

तिसरा, डाव संपला की टायमर काढायचा आणि नवा डाव सुरू झाला की लावायचा. काढायची सोय क्लॉकमध्ये आहेच, अनशेड्यूल. अडचण अशी की डाव फक्त तीन गोलांनी संपत नव्हता, एस्केप दाबून मेनूवर जायचीही वाट होती. दोन्ही वाटांवर काढायची ओळ हवी, उद्या तिसरी वाट आली तर तिथंही. एक विसरली की जुनं दुखणं परत.

चौथा, टायमरच नको, अपडेटला मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मिळतं (त्याला डीटी म्हणतात), ते बेरजेत टाकत जायचं, एक सेकंद भरला की चेंडू सोडायचा आणि बेरजेतून एक वजा. नवा डाव म्हणजे बेरीज शून्य. हे सगळ्यात स्वच्छ, पण रात्रीचे आठ वाजले होते आणि डीटीचा हिशोब फक्त ताईला कळत होता, बाकी दोघांना नाही. तिघांचा गेम आहे, दोघांना न कळणारा कोड प्रदर्शनाच्या आदल्या रात्री घालणं मला बरोबर वाटलं नाही.

काय केलं

तिसऱ्यातच ताईने बदल सुचवला. काढायची ओळ डाव संपताना नाही, डाव सुरू होताना, लावायच्या ओळीच्या बरोबर वर लिहायची. म्हणजे नवा_डाव मध्ये आधी चेंडू_सोड अनशेड्यूल, लगेच खाली शेड्यूल इंटरव्हल. कुठल्याही वाटेने आलात तरी आधी झाडून काढायचं, मग मांडायचं. टायमर लागलेलाच नसताना काढायला सांगितलं तरी लायब्ररी तक्रार करत नाही, आणि चुकून तीन लागलेले असले तर तिन्ही जातात. पहिला चेंडूही प्रत्येकाला बरोबर एका सेकंदाने. मेनूवर असताना मागं चेंडू सुटू नयेत म्हणून चेंडू_सोडच्या आत ‘डाव चालू आहे का’ ची एक ओळ ठेवली, ती दुसऱ्या पर्यायातून उचललेली.

सुरू_झालं हा झेंडा पूर्ण काढून टाकला. ढोल वरच्या पातळीवर नेला, तो एकदा सुरू झाला की म्युझिक स्वतःच फिरत राहतं. बेस्ट स्कोअर वाचायची ओळही वर नेली, आणि डाव संपताना बेस्ट मोडला असेल तर फाइलमध्ये लिहायची ओळ घातली.

मग फाइलमध्ये ताईने तीन मोठ्या कॉमेंट टाकल्या: ‘गेम उघडल्यावर एकदा’, ‘दर डावाला एकदा’, ‘दर फ्रेमला’. आणि एकेक ओळ उचलून विचारत गेली ही कुठली. चित्रं पहिल्यात. ढोल पहिल्यात. मैदानाचा कागद पहिल्यात. पॉइंट दुसऱ्यात. गोलकीपर? इथं वाद झाला. गोलकीपरचं चित्र एकदाच लोड व्हायला पाहिजे पण त्याची जागा दर डावाला मधोमध यायला पाहिजे, म्हणजे एकच वस्तू दोन ठिकाणी तोडावी लागली, बनवणं वर आणि जागेवर आणणं खाली. मला विचाराल तर त्या रात्री पोरं सगळ्यात जास्त शिकली ती या गोलकीपरमुळे, टायमरमुळे नाही. ‘एकदाच’ हा शब्द पोरांना पुरत नव्हता, कशात एकदा ते विचारावं लागत होतं.

हे सगळं होऊन निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात ताईने आवराआवर म्हणून चेंडू_सोड हे फंक्शन उचलून नवा_डावच्या पोटात टाकलं, कारण आता त्याला तिथूनच लावलं जात होतं. आणि चेंडू यायचेच बंद झाले. एरर नाही, काही नाही, गोलकीपर एकटाच उभा. पाऊण तास गेला यात. शेवटी डॉक्युमेंटेशन वाचलं तेव्हा कळलं की पायगेम झीरोचं क्लॉक दिलेल्या फंक्शनला घट्ट धरून ठेवत नाही, कमजोर संदर्भ ठेवतं. पोटातलं फंक्शन बाहेरचं संपलं की कोणाच्याच हातात राहत नाही, पायथन ते साफ करून टाकतो आणि क्लॉक मुकाट्याने ते नाव सोडून देतं. परत बाहेर आणलं, चेंडू आले. घड्याळात साडेनऊ, भडंग संपलेलं.

काय झालं शेवटी

दुसऱ्या दिवशी गेम सकाळी चालू केला तो दुपारी आवरेपर्यंत एकदाही बंद करावा लागला नाही. ताईने चेंडू_सोडमधली वेळ छापायची ओळ मुद्दाम तशीच ठेवली होती आणि अधूनमधून बघत होती, शेवटपर्यंत सेकंदाला एकच. काही पोरांनी विचारलं, ‘लेव्हल कुठं गेली? काल भारी होतं की.’ मग दुपारी घरी जाऊन तिघांनी खरी लेव्हल घातली, दर दहा चेंडूंनंतर वेग थोडा वाढतो, आणि नवा डाव सुरू झाला की परत पहिल्यापासून.

३१ वाला पोरगा परत आला. ताईने त्याच्यासाठी फाइलमध्ये ३१ लिहून ठेवलं होतं. पाचवीतली ती मुलगी काही दिसली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून पहिली गोष्ट म्हणजे पहिल्या तासातच सांगायला पाहिजे होतं की या लायब्ररीत सेटअप नाही कारण फाइलच सेटअप आहे. आता मी पहिल्या दिवशी तीन ठिकाणी प्रिंट लिहायला लावतो, वरच्या पातळीवर, अपडेटमध्ये आणि बटण दाबल्यावरच्या फंक्शनमध्ये, आणि पोरांना मोजायला लावतो कुठली ओळ किती वेळा छापली. पाच मिनिटं लागतात. म्यूसारख्या, पायगेम झीरोची सोय असलेल्या एडिटरऐवजी साध्या एडिटरमधून गेम चालवणाऱ्या पोरांना हेही दाखवतो की शेवटी पीजीझेड रन डॉट गो लिहिलं की त्याच्याखाली सेटअप लिहून उपयोग नाही, गाडी तिथंच लूपमध्ये शिरते.

दुसरी गोष्ट स्क्रॅचची. पोरगं कुठल्या साधनावरून आलंय ते विचारून घ्यायला पाहिजे होतं. ताईने झेंडा परत खोटा केला तो निष्काळजीपणाने नाही, स्क्रॅचमध्ये जे खरं होतं तेच तिने इथं धरलं. तिला ‘चुकलीस’ म्हणण्याऐवजी ‘तिथं हिरवा झेंडा मागचं थांबवतो, इथं कोणी थांबवत नाही, ते तुला लिहायचंय’ एवढं आधी सांगितलं असतं तरी पुरे होतं.

आणि टेस्टिंग. आम्ही नेहमी एक डाव खेळून बंद करायचो. प्रदर्शनात गेम कसा वापरला जाणार याचा विचार केला असता तर आदल्या शनिवारीच ओळीने दहा डाव खेळलो असतो आणि चौथ्या डावाला कळलं असतं. आता क्लासमध्ये नियमच केलाय, गेम दाखवायला नेण्याआधी खिडकी बंद न करता दहा डाव, आणि खेळणारा तो गेम न लिहिलेला असला पाहिजे.

एका निर्णयाबद्दल मात्र माझं मन अजून दोन्हीकडे आहे, तो म्हणजे चौथा पर्याय त्या रात्री बाजूला ठेवणं. आता पोरांना पॉज पाहिजे. पॉजमध्ये क्लॉकचा टायमर मागं चालूच राहतो, चेंडू_सोड परत फिरतं म्हणून चेंडू येत नाही, पण पॉज काढल्यावर पुढचा चेंडू कधी येणार ते परत नशिबावर, म्हणजे चित्रकाराने पकडलेली तीच गोष्ट मागच्या दाराने आत आली. ताई गेल्या रविवारी डीटीची बेरीज लिहायला बसलीय आणि या वेळी शेजारी बाकी दोघांना घेऊन, एकेक ओळ त्यांच्याकडून वदवून घेत. ढोलवाला मधेच म्हणाला, ‘मंग पॉज केल्यावर ढोल थांबायचा का न्हाई?’ त्यावर अजून त्यांचं एकमत व्हायचंय.